रात्रीचें ऊन

उन्हाळ्याला दोष द्यावयाचा झाला म्हणजे आपण सारे दुपारला दोष देतों. तापलेली सडक, भिंतीच्या कडेकडेनें सावली धरून चालणारा वाटसरू, नळाखालच्या ओल्या मातींत पोट टेकून पडलेलें कुत्रें, हीं चित्रें आपल्या मनांत इतकीं पक्कीं बसलीं आहेत कीं, उन्हाळा म्हणजे दुपार असें एक समीकरणच होऊन गेलें आहे. परंतु शहरांतील इमारतीच्या अगदीं वरच्या मजल्यावरील फ्लॅटमध्यें ज्यानें चार उन्हाळे काढले आहेत, त्याला हें समीकरण मान्य व्हावयाचें नाहीं. दुपार हा उघड शत्रु आहे. तो वाजतगाजत समोरून येतो, आणि त्याच्यासाठीं आपण खिडक्या लावून, पडदे सोडून, माठ भरून सज्ज असतों. खरा घात करते ती रात्र. कारण तिच्यावर आपण विश्वास टाकलेला असतो.

हा विश्वास आम्हां नगरकरांच्या ठिकाणीं तर पिढीजात आहे. 1490 सालीं अहमद निजामशहानें सीनेच्या कांठीं हें शहर वसविलें. 2024 सालीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें, तरी आम्हां जुन्या माणसांच्या तोंडीं 'नगर' हाच शब्द बसलेला आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें 650 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत वसलेल्या या गांवाचा उन्हाळा कोरडा. हवेंत बाष्प थोडें आणि आकाश निरभ्र, त्यामुळें जमीन दिवसा जशी भराभर तापते, तशीच रात्रीं आपली उष्णता आकाशाकडे भराभर सोडूनही देते. किनाऱ्यावरच्या मुंबईकराला हें सुख नाहीं. त्याची रात्र दिवसासारखीच घामट. आमच्याकडे मात्र दिवसानें जें हिरावून घ्यावें तें रात्रीनें भरून द्यावें, असा निसर्गाचा जणूं करारच आहे. दुपारीं पारा 40 अंशांवर गेला तरी पहांटे पायाशीं असलेली चादर हातानें चांचपावी लागे.

या करारावर भरंवसा ठेवूनच वाडवडिलांनीं घरें बांधलीं. माळीवाड्याकडचे जे थोडे जुने वाडे अजून उभे आहेत त्यांत शिरून पाहावें: हात-दीड हात जाड भिंती आणि मधोमध आकाशाला उघडा चौक. खेड्यापाड्यांतल्या घरांवर पांढऱ्या मातीचें धाबें. दुपारीं माजघराच्या अंधारांत पडून राहावें, आणि दिवेलागणीनंतर सारें बिऱ्हाड अंगणांत किंवा धाब्यावर न्यावें, असा उन्हाळ्याचा रिवाज होता. घर हें दिवसापुरतें; रात्र काढावयाची ती आकाशाखालीं.

आम्हां सावेडीकडच्या फ्लॅटवाल्यांचा संसार स्लॅबखालचा. पांच-सहा इंच जाडीचा हा काँक्रीटचा थर दिवसभर ऊन पीत असतो. तें त्याच्या वरच्या अंगांतून खालच्या अंगास पोंचावयास कांहीं तास लागतात. म्हणजे दुपारीं गच्चीवर पडलेलें ऊन संध्याकाळीं आमच्या दिवाणखान्यांत उतरूं लागतें, जेवणाच्या वेळेस ऐन भरांत येतें, आणि मध्यरात्र उलटली तरी त्याचा पाय निघत नाहीं. रात्रीं अकरा वाजतां पश्चिमेच्या भिंतीला हात लावावा तर नुकत्याच उतरलेल्या तव्याची आठवण व्हावी. पंखा फिरवावा तर तो छतालगतची तीच ऊब इमानानें खालीं आणून देतो. या स्लॅबइतका प्रामाणिक ऋणको मीं दुसरा पाहिलेला नाहीं. दिवसभरांत घेतलेली उष्णता तो पै न पै परत करतो. दुर्दैव इतकेंच कीं, सूर्याकडून घेतलेलें कर्ज तो आम्हांस फेडतो!

यावर उपाय नाहींत असें नाहीं. वाळ्याचें पाणी, कैरीचें पन्हें, ताक, खिडकीवर ओला पडदा, निजण्यापूर्वीं पायांवर गार पाणी, हे आज्यांचे उपाय आजही लागू पडतात. ओल्या पडद्याच्या मुळाशीं तर चोख शास्त्र आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन हवेंत विरतांना सुमारें 580 किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातें. माठ याच न्यायानें गार होतो, माणूस घामामुळें याच न्यायानें वांचतो, आणि वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलरही याच न्यायानें चालतो. हवा कोरडी असल्यामुळें नगरांत कूलरला जितकें यश येतें तितकें मुंबईंत येत नाहीं. पण कूलरला पाणी लागतें. आमच्या शहराला पाणी येतें तें मुळा धरणांतून. आणि ज्या जिल्ह्यांत उन्हाळा आला कीं कोठल्या ना कोठल्या गांवाला टँकरची वाट पाहावी लागते, तेथें कूलरची टांकी भरतांना हात थोडा जड होतोच.

राहिलें वातानुकूलन यंत्र. तें गारवा निर्माण करतें असें आपण म्हणतों. वस्तुतः तें खोलींतली उष्णता उचलून खिडकीबाहेर टाकतें, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता वर दक्षिणा म्हणून देतें. बाहेर म्हणजे कोठें? तर शेजाऱ्याच्या खिडकीशीं. आमच्या इमारतींत अशीं यंत्रें जसजशीं वाढत गेलीं, तसतसें ज्यांच्याकडे तीं नाहींत त्यांना खिडकी उघडणें कठीण होत गेलें. घरांतला केर शेजाऱ्याच्या दारापुढें लोटणाऱ्याला आपण शेजारधर्म शिकवितों. ऊन लोटणाऱ्याला मात्र प्रतिष्ठित गृहस्थ म्हणतों.

रात्रीची ही ऊब नुसती गैरसोयीची बाब असती तर तिच्यावर इतकें लिहिण्याचें कारण नव्हतें. दिवसभर उष्णतेशीं झुंजलेल्या शरीराला रात्रीं निवण्याची फुरसत मिळाली नाहीं, तर हृदयावरचा ताण उतरत नाहीं, आणि वृद्ध माणसें प्रथम खचतात. आपल्या हवामान खात्यानें उष्णतेच्या लाटेबरोबरच 'उष्ण रात्र' अशीही एक संज्ञा ठरविलेली आहे. दिवसाचा पारा 40 अंशांच्या वर असून रात्रीचें किमान तापमान नेहमीपेक्षां 4.5 अंश किंवा अधिक चढलें, म्हणजे ती उष्ण रात्र. 2003 च्या ऑगस्टांत फ्रान्समध्यें जी लाट आली तींत सुमारें 15,000 माणसें दगावलीं. बहुतेक वृद्ध होतीं, पुष्कळशीं एकटीं राहात होतीं. आणि पुढें झालेल्या तपासांत असें दिसून आलें कीं, ज्यांची निजण्याची खोली छपराच्या अगदीं लगत खालीं होती त्यांना धोका अधिक होता. आपल्याकडे 2010 च्या मे महिन्यांतील लाटेनें अहमदाबादेला हाच धडा शिकविला, आणि 2013 सालीं त्या शहरानें उष्णतेला तोंड देण्याची योजना आंखली. पुढें गरिबांच्या घरांचीं छपरें पांढरीं करण्याचें कामही तेथें हातीं घेण्यांत आलें. नांवांत आमच्याशीं साधर्म्य असलेल्या त्या शहराकडून एवढी गोष्ट उसनी घ्यावयास आम्हांस हरकत नव्हती.

आणि दूर कशाला, गारव्याचा इतिहास आमच्याच शहरांत वाचावयास मिळतो. मूर्तझा निजामशहाच्या कारकीर्दींत, 1583 च्या सुमारास पुरा झालेला फराहबागेचा अष्टकोनी, दुमजली महाल एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध बांधलेला होता, आणि त्या तलावासाठीं दूरवरून खापरी नळांनीं पाणी आणलें होतें. एका माणसाला गार वारा मिळावा म्हणून एवढा खटाटोप! आज महाल उभा आहे, तलाव कोरडा आहे. तेथून फार दूर नसलेल्या भुईकोट किल्ल्यांत 1942 पासून 1945 पर्यंत पंडित नेहरू कैदेंत होते. भारताचा शोध घेणारा आपला ग्रंथ त्यांनीं तेथेंच 1944 सालीं लिहिला. त्याच्या आरंभीं, 13 एप्रिल या तारखेखालीं, भर उन्हांत जमीन खणून फुलांचे वाफे करण्याच्या आपल्या उद्योगाविषयीं ते सांगतात, आणि तेथेंच चंद्राला तुरुंगांतला आपला सोबती म्हणतात. राजाला गारव्यासाठीं तलाव करावा लागला. कैद्याला चंद्र फुकट मिळाला. आणि आम्ही स्वतंत्र देशाचे, वेळेवर कर भरणारे नागरिक! आमच्या गच्चीला कुलूप होतें.

कुलपाचीं कारणें सबळ होतीं. गच्चीवर पाण्याच्या टांक्या होत्या, मुलें कठड्यावर चढतील अशी भीति होती, आणि गळती थांबविण्यासाठीं केलेल्या गिलाव्याला पाय लागूं नयेत अशी काळजी होती. त्यामुळें ज्या एकाच जागीं नगरची रात्र आपला करार अजून पाळीत होती, तेथें कबुतरांखेरीज कोणीच निजत नव्हतें. आमच्या शेजारीं एक काकू राहतात. वय पंचाहत्तरांच्या पुढें, मुलगा परगांवीं, आणि स्वभाव असा कीं, कोणाला त्रास म्हणून द्यावयाचा नाहीं. तीन वर्षांपूर्वीं वैशाखांत एके रात्रीं दहाच्या सुमारास त्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या आढळल्या. अंग तापलेलें, बोलणें तुटक, आणि "दिवेलागण झाली का हो?" हा एकच प्रश्न पुनः पुनः. ओल्या फडक्यांनीं त्यांचें अंग पुसत वाहनाची वाट पाहण्यांत जो अर्धा तास गेला, तो आमच्या जिन्यावरच्या कोणीही विसरलेला नाहीं. डॉक्टरांनीं त्यांना दोन दिवस ठेवून घेतलें, आणि घरीं धाडतांना बजावलें, "यांना त्या खोलींत रात्रीं निजूं देऊं नका." मग निजवावें कोठें?

पुढच्याच रविवारीं सोसायटीची सभा भरली. टांक्यांविषयीं, कठड्याविषयीं, जबाबदारीविषयीं जें बोलावयाचें तें सर्व बोलून झालें. शेवटीं काकूच उठल्या आणि म्हणाल्या, "अहो, मी वर गेलें तर टांकी थोडीच पिऊन टाकणार आहें!" सभा हंसली, आणि हंसलेल्या सभेला कठोर ठराव करतां येत नाहीं. रात्रीं नऊपासून सकाळीं सहापर्यंत किल्ली जिन्यांतल्या खिळ्यावर राहील असें ठरलें. वर्गणी काढून गच्चीला चुन्याचे दोन हात दिले. त्यामुळें बरेंचसें ऊन वरच्या वर परतूं लागलें, आणि खालच्या खोल्याही थोड्याफार सोसवूं लागल्या.

पहिल्या रात्रीं आम्हीं चौघांनीं काकूंची बाज वर नेली. आठ दिवसांत सात बिऱ्हाडांच्या सतरंज्या आल्या. ज्यांची ओळख इतकीं वर्षें मान हालविण्यापलीकडे गेली नव्हती, तीं माणसें सप्तर्षि कोणते यावर वाद घालूं लागलीं. प्रश्न उरला तो रखवालदाराच्या बिऱ्हाडाचा. फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलींत तो, त्याची बायको व दोन मुलें राहतात. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर यंत्रांचा गरम झोत. सभेंत त्यांचें नांव निघालें नव्हतें, कारण ते सभासद नव्हेत. काकूंनीं एके रात्रीं मुलांना सोबतीसाठीं म्हणून वर बोलाविलें; दुसऱ्या रात्रीं त्यांची आई आली. दोघां-तिघांनीं नापसंतीची नजर टाकली, पण अंधारांत ती कोणाला दिसली नाहीं.

उष्णतेच्या लाटा पुढें वाढत जाणार असें शास्त्रज्ञ सांगतात, आणि एक गच्ची उघडल्यानें त्या थांबणार नाहींत. खरोखरीची उष्ण रात्र आली म्हणजे गच्चीवरचा वाराही तापलेलाच असतो. अशा वेळीं वृद्धांना व आजाऱ्यांना यंत्राचा आधार घ्यावा लागेल, आणि तो त्यांनीं अवश्य घ्यावा. ज्याच्याकडे यंत्र आहे त्यानें ती रात्र शेजाऱ्याला दार उघडें ठेवावें. पण वर्षांतून अशा रात्री मोजक्या. बाकीच्या रात्रीं हें पठार आपलें देणें वेळेवर घेऊन येतें, आणि बंद दार पाहून परत जातें. इमारती बांधणाऱ्यांनीं व त्यांचे नियम करणाऱ्यांनीं खोल्या किती, हें मोजण्यापूर्वीं या घरांतल्या माणसानें वैशाखांत निजावें कोठें, याचा विचार करावा. आमच्यापुरती व्यवस्था आतां ठरून गेली आहे. चैत्र लागला कीं किल्ली खिळ्यावर येते, आणि मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत तेथेंच असते.