शाईचे ठिपके व पाण्याखालचें गांव

चित्र दिसलें कीं 'हें कशाचें चित्र?' असें विचारावें, ही मनुष्यमात्राची जुनी खोड आहे. घोडा काढला तर त्याचे पाय मोजावे, आंबा काढला तर त्यानें तोंडाला पाणी सुटतें कीं नाहीं तें पाहावें, आणि मग चित्रकाराची पाठ थोपटावी, असा आपला शिरस्ता. मी कित्येक वर्षें मुलांना चित्रकला शिकवीत आहें. तेव्हां या प्रश्नाशीं माझा रोजचाच परिचय आहे. परंतु ज्या चित्रांत घोडा नाहीं, आंबा नाहीं, नुसता एक काळा फटकारा किंवा एक ठिपका आहे, त्याचें काय करावें? अशा चित्रांविषयीं चार शब्द सांगावे, व आपल्या जिल्ह्यांतील नर्मदाकांठच्या मणिबेली गांवाशीं त्यांचा मला जो संबंध दिसतो तोहि सांगावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम दूरच्या कोरिया देशांत जाऊं. तेथील जुनी चित्रकला ही मुख्यतः काजळीच्या शाईची कला. काजळी व सरस यांची वडी दगडी पाटीवर पाण्यांत उगाळावयाची, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद पसरावयाचा, आणि मऊ केसांच्या कुंचल्यानें एकदांच काय तो फटकारा मारावयाचा. हा कागद शाई तत्काळ पिऊन टाकतो. खोडण्याची सोय नाहीं. शाईंत पाणी कमी तर डोंगर जवळचा, पाणी अधिक तर डोंगर धुक्यापलीकडचा. आणि जेथें कुंचला लागलाच नाहीं तो कोरा कागदहि चित्राचाच भाग. तेंच आकाश, तेंच पाणी.

१९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर जपानचें राज्य होतें. स्वातंत्र्य आल्यावर तेथील तरुण चित्रकारांपुढें प्रश्न उभा राहिला, कीं आतां आपण काढावें काय? जुन्या डोंगरदऱ्यांच्या नकला करीत बसावें, कीं युरोप-अमेरिकेंत वस्तूंचे आकार सोडून केवळ रंग व रेषा यांचीं जीं चित्रें निघत होतीं त्यांच्या मागें धांवावें? सुह से-ओक (१९२९-२०२०) यांनीं १९६० सालीं आपल्या सोबत्यांसह एक मंडळ स्थापिलें. त्याच्या नांवाचा अर्थ 'शाईचें अरण्य' असा आहे. या मंडळीनें शाई, कुंचला व कागद हीं साधनें जुनींच ठेविलीं, पण दृष्टि नवी घेतली. त्यांच्याहून वडील ली उंग्नो (१९०४-१९८९). ते १९५८ सालीं युरोपांत गेले, पुढें पॅरिसला राहिले, व तेथें १९६४ सालीं पूर्वेकडील चित्रकला शिकविणारी शाळा त्यांनीं काढली. लिपींतील अक्षरें मोडून त्यांतून ते नवे आकार घडवीत. १९६७ सालीं राजकीय आरोपावरून त्यांना स्वदेशींच तुरुंगांत घालण्यांत आलें. तेथें साधनें नव्हतीं. म्हणून सोयाबीनच्या काळ्या रसानें त्यांनीं शौचाच्या कागदावर चित्रें काढलीं व भाताच्या शितांचा लगदा करून आकृति घडविल्या. १९६९ सालीं ते सुटले. रंगपेटी घरीं राहिली म्हणून जो विद्यार्थी तासभर हात बांधून बसतो, त्यानें हा मनुष्य ध्यानांत ठेवावा.

परंतु पूर्व व पश्चिम यांचा असा मेळ पाहण्यासाठीं कोरियापर्यंतच जावयास पाहिजे असें नाहीं. वासुदेव संतु गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालीं नागपुरास एका गोमंतकीय कुटुंबांत झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनीं १९४८ सालीं मिळविली. आरंभीं ते माणसें काढीत. हळूहळू एकेक वस्तु त्यांच्या चित्रांतून निघून गेली, व शेवटीं उरला तो रंगांतून पाझरणारा प्रकाश. झेन पंथाचा विचार व रमण महर्षींची शिकवण यांचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता; आणि १९६४ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्ति मिळून ते न्यूयॉर्कला गेले, तेव्हां तेथील नवी कलाहि त्यांनीं जवळून पाहिली. रूळ व पातें यांनीं ते रंगाचे थरावर थर देत, खरवडीत, पुन्हा देत. वर्षाकांठीं मोजकींच चित्रें पुरीं होत. १९८४ च्या सुमारास झालेल्या अपघातामुळें मोठे फलक रंगविणें त्यांना अशक्य झालें, तेव्हां लहान कागदांवर शाईनें खुणा करून त्यांनीं आपली साधना चालू ठेविली. त्या खुणा एखाद्या अपरिचित लिपीसारख्या दिसतात. २००१ सालीं ते निवर्तले. २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें.

दुसरे सय्यद हैदर रझा. मंडला जिल्ह्यांत १९२२ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील जंगलखात्यांत होते. शाळेंत त्यांचें चित्त ठिकाणावर राहीना, म्हणून गुरुजींनीं भिंतीवर एक ठिपका काढला व त्याकडे पाहत बसण्यास सांगितलें. पुढें नागपूर व मुंबई येथें शिकून १९५० सालीं ते फ्रान्सला गेले, व तेथेंच साठ वर्षें राहिले. पाश्चात्त्य कला त्यांनीं आत्मसात् केली. पण १९८० च्या सुमारास शाळेंतील तो ठिपका 'बिंदु' होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागीं येऊन बसला. २०१६ सालीं दिल्लींत त्यांचें निधन झालें, आणि मंडला येथें वडिलांच्या कबरीशेजारीं त्यांना मूठमाती देण्यांत आली.

मंडला हें नर्मदेच्या कांठीं आहे. तीच नर्मदा पुढें शेंकडों मैल वाहत आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेला येते. तिच्या १३१२ किलोमीटरांच्या प्रवासांत महाराष्ट्राच्या वांट्याला अगदीं थोडाच कांठ आला आहे, आणि त्या कांठावर अक्कलकुवा तालुक्यांत मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रांत ज्या गांवाला प्रथम लागली तें हेंच. १९९२-९३ मध्यें येथें सत्याग्रह झाला; १९९४ सालीं मोठ्या धरणांविषयीं जगांतील अनेक संस्थांनीं जो जाहीरनामा काढला, त्याला मणिबेलीचेंच नांव दिलें गेलें. शूलपाणेश्वराचें पुरातन देवालय पाण्याखालीं गेलें. कांहीं कुटुंबें पुनर्वसनांत दूर गेलीं, कांहीं डोंगराच्या वरच्या अंगास सरकलीं. २०१९ सालीं जलाशय १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरला.

याच तालुक्यांत काठीची होळी प्रसिद्ध आहे. त्या वेळीं नाचणारे पुरुष अंगभर पांढरे ठिपके व रेषा काढतात. डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे व घुंगरूं. त्या ठिपक्यांना 'हें कशाचें चित्र?' असें विचारणारा तेथें कोणी भेटावयाचा नाहीं. म्हणजे आकारावांचून बोलणारी कला सातपुड्याला परकी आहे असें नव्हे.

आतां एका चित्राची हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मीं वर्गांत 'माझें गांव' हा विषय दिला होता. बहुतेकांनीं दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, एक कौलारू घर व एक नारळाचें झाड काढलें. ज्यांच्या गांवांत औषधालाहि नारळ नाहीं त्यांनींसुद्धां काढलें! मूळच्या मणिबेलीच्या एका कुटुंबांतील मुलाचा कागद मात्र निराळा होता. वर काळ्या शाईनें ओढलेली डोंगराची एक रेषा. तिच्याखालीं सारा कागद कोरा. आणि अगदीं तळाशीं बरेचसे ठिपके, कोठें दाट, कोठें विरळ. शेजारचा मुलगा म्हणाला, "याचें अपुरें राहिलें." मीं त्याला विचारलें तेव्हां तो म्हणाला, "सर, मधलें तें पाणी. खालीं आजाचें गांव. कोणाचें घर कोठें होतें तें आजा सांगतो. मीं पाहिलें नाहीं, म्हणून ठिपके काढले." त्यांतील एक ठिपका इतरांहून मोठा होता. तो मोहाच्या झाडाचा, असें त्यानें सांगितलें.

मीं तो कागद पुष्कळ वेळ हातांत धरून ठेविला. घर पाहिलें नव्हतें म्हणून त्यानें घर काढलें नाहीं. घर होतें हें त्याला ठाऊक होतें म्हणून त्यानें जागा रिकामी सोडली नाहीं. जेवढें ठाऊक तेवढेंच, पण तेवढें सारें, त्यानें कागदावर मांडलें. नारळ काढणाऱ्या मुलांचीं चित्रें ओळखूं येत होतीं. याचें चित्र खरें होतें.

येथें एक भेद मात्र विसरतां कामा नये. गायतोंडे यांनीं आकार सोडले ते आपण होऊन, अनेक वर्षांच्या साधनेनें. मणिबेलीचीं घरें, शेतें व झाडें कोणी चित्राच्या शोभेकरितां सोडलीं नव्हतीं. होडींतून जाणाऱ्या प्रवाशाला तें विस्तीर्ण पाणी पाहून 'किती शांत!' असें वाटेल. खालीं काय आहे हें ज्याच्या आजानें सांगितलें आहे, त्याला तसें वाटावयाचें नाहीं. कोरी जागा दोघांनाहि एकच दिसते, पण ती दोघांची एक नसते. म्हणून रिकामेपणाची नुसती वाहवा करणें मला पटत नाहीं. तो कोणाचा व कसा आला, हेंहि पाहिलें पाहिजे.

ली उंग्नो यांनाहि हें कळलें असावें असें मला वाटतें. १९८० सालीं कोरियांतील ग्वांगजू शहरांत लोकशाहीसाठीं उठलेल्या नागरिकांवर सैन्यानें गोळ्या झाडल्या. त्यानंतर आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत या वृद्ध चित्रकारानें शाईच्या लहान लहान फटकाऱ्यांनीं माणसांचे अफाट समुदाय काढले. दुरून पाहावें तर कागदभर ठिपके. जवळ जावें तर प्रत्येक ठिपका धांवणारा, नाचणारा, हात उंचावणारा एकेक मनुष्य!

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत एक शाईची दौत, एक कुंचला व थोडे कागद घ्या. आपल्या आजी-आजोबांजवळ बसा व जें आज दिसत नाहीं असें कांहीं त्यांना विचारा: बुजलेली विहीर, तोडलेला वड, मोडलेला बाजार. मग तें काढा. हुबेहूब येणार नाहीं. त्याची चिंता नको. आणि पालकांस एवढीच विनंति, कीं मुलानें असा कागद पुढें केला तर त्याला लगेच नांवें ठेवूं नयेत. प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून त्याला बोलतें करावें, आणि तो सांगेल तें स्वस्थपणें ऐकून घ्यावें.