निवृत्तीनाथांचं दुःख

आज आळ्याला रेड्याच्या समाधीपाशी बसले होते. ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, तो रेडा आळंदीच्या वाटेवर इथे, आपल्या जुन्नर तालुक्यात निवर्तला, अशी आमच्याकडची श्रद्धा. ही गोष्ट लहानपणापासून ऐकतेय. पण ती चार भावंडांचीही गोष्ट आहे, हे माझा धाकटा भाऊ गेल्यावर मनाला भिडलं.

मला निवृत्तीनाथच आठवत राहतात. १२९६ साली आळंदीला त्यांनी धाकट्या भावाला, ज्ञानदेवांना, समाधीला बसवलं. मग सासवडला सोपानदेव, पाठोपाठ मुक्ताई. थोरला भाऊ, शिवाय गुरूही. तरी नामदेवांच्या अभंगांत त्यांचा शोक आवरत नाही. याचा मला फार आधार वाटतो. रडू आलं म्हणजे श्रद्धा उणी पडली, असं नव्हे.

माझ्या भावाला अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता. उपचार परळला टाटामध्ये, मुक्काम दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत. घास उतरेना, म्हणून तांदळाची पेज फडक्यातून गाळून नाकातल्या नळीतून हळूहळू सोडायची. जरा गुठळी राहिली की नळी तुंबायची. तेवढ्यातही तो विचारायचा, "ताई, नारायणगावात टोमॅटोला काय भाव निघाला गं?"

ओझरच्या विघ्नहराला नवस बोलले होते. भाऊ उठला नाही, तरी नवस फेडला. आई म्हणाली, "आता कशाला?" मी म्हटलं, "आई, धर्मशाळेच्या त्या खोलीत आम्ही दोघंच कधीच नव्हतो गं. त्याला ठाऊक होतं, मलाही."