आधी कापूस, मग माणसं

दिवाळी उलटली की यवतमाळकडच्या घरांत जागेचा हिशेब कापूस करतो. आधी ओसरी भरते, मग मधली खोली. भाव वाढेल या आशेवर गंजी आढ्याला टेकते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये. पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर माल घेत नाहीत. त्यामुळे घरातली कोरडी, हवेशीर जागा कोणाची, यावर वादच नाही.

उरतात ते सांदीकोपरे. जिन्याखालच्या तिरप्या जागेत आईनं विटांवर फळी टाकून डाळींचे डबे मांडलेत; उंच डबे जिन्याच्या उंच बाजूला, मग उतार धरून बुटके. अगदी टोकाला, जिथं हातही जेमतेम पोचतो, तिथं मिठाची बरणी. भिंतीतल्या देवळीत चष्मा, काडेपेटी, पासबुक. दारामागं सूप नि चाळणी. न्हाणीमागच्या बोळात पऱ्हाटीचं सरपण. (या मांडणीला कोणत्याही इंटिरियरवाल्यानं नावं ठेवून दाखवावीत!)

तरी या काटकसरीचं मला फार कौतुक वाटत नाही. कापूस महिनोन्महिने पडून राहिला की त्यात किडे होतात, अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवत बसतात. ठिणगीची धास्ती वेगळीच. तेव्हा गंजीपासून चूल आणि विजेचं बटण लांब ठेवा, आणि उन्हाळा लागायच्या आत विकून खोली मोकळी करा.