मावशी, बेस कोण वाजवणार?

मेटल बँडला गिटारवाले शोधावे लागत नाहीत, ते एकमेकांना ढकलून पुढे येतात. बेस वाजवणारा मात्र मिळत नाही, आणि मिळाला तर टिकत नाही. भाच्याच्या बँडमधला एमएस करायला जर्मनीला गेला, तेव्हा उरलेल्यांची नजर माझ्याकडे वळली. सूर कळणारं आणि शनिवारी मोकळं असलेलं त्यांच्या ओळखीत दुसरं कुणी नव्हतं. माझी पात्रता एवढीच: गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमापर्यंत गाणं, आणि अकरावीपासून आयर्न मेडनच्या कॅसेटी. बेस हातात कधी धरलेला नव्हता. "मावशी, चारच तर तारा, तुझ्या तंबोऱ्याएवढ्या," असं म्हणून त्याने मला घोळात घेतलं.

पैशांचं मी आधीच ठरवून टाकलं. पंचवीस हजारांच्या वर जायचं नाही, पट्टा आणि केबलसुद्धा त्यातच. एवढं ठरलं की बाकीचं आपोआप मार्गी लागेल असं वाटत होतं, पण चौकशीला सुरुवात केली आणि डोकं चालेनासं झालं. चार तारा की पाच? अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? चौतीस इंची की पस्तीस? पिकअप पी, जे, की हंबकर? ज्याला विचारावं तो आपलंच घोडं पुढे दामटणार. एकाने छातीठोक सांगितलं की पाच तारांशिवाय मेटल होत नाही. दुसरा म्हणाला, पाचवी तार ही न वाजवणाऱ्यांची हौस आहे.

धोबी तलावला वाद्यांची जुनी दुकानं आहेत, म्हणून तिथून सुरुवात केली. (याच भागात रंगभवन. इंडिपेन्डन्स रॉक तिथे व्हायचं. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि मुंबईच्या रॉकवाल्यांची हक्काची जागा गेली. ती हळहळ माझ्या वयाच्या लोकांना अजून आहे.) एका दुकानात मी 'मेटलसाठी हवाय' एवढं म्हणायचा अवकाश, विक्रेत्याने काळाकुट्ट, दोन लांब टोकदार शिंगांचा बेस समोर ठेवला. "मॅडम, हा मेटलचाच." मी विचारलं, यात मेटलचं काय आहे? "लुक बघा ना!"

लुक बघितला. पण आमच्या मेडनचा स्टीव्ह हॅरिस उभा जन्म फेंडरचा प्रिसिजन बेस वाजवत आला आहे. हे मॉडेल १९५१ सालचं, म्हणजे मेटल जन्मण्याच्या बरंच आधीचं, आणि आकाराने अगदी गोलमटोल. ब्लॅक सॅबथच्या गीझर बटलरनेही प्रिसिजनच वाजवला. मेटलची सुरुवात ज्यांनी केली त्यांना शिंगं लागली नाहीत, तर ठाण्याच्या मावशीला कशाला? एक मात्र खरं की वरचं शिंग अगदीच शोभेचं नसतं. पट्ट्याची खुंटी त्याच्या टोकाला असते. ते आखूड असलं तर उभं राहून वाजवताना मानेकडची बाजू खाली झुकते आणि डावा हात वाजवायचा सोडून गिटार सावरत बसतो. त्यामुळे पुढे प्रत्येक दुकानात मी आधी पट्टा मागायचे, बेस गळ्यात अडकवायचे आणि दोन्ही हात सोडून उभी राहायचे. लोक बघायचे. बघू देत.

व्हिडिओ बघून निवड करायचाही प्रयत्न केला. मोबाईलवर सगळे बेस सारखेच ऐकू येतात, याचं कारण नंतर लक्षात आलं. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर सेकंदाला ४१ कंपनांचा. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला तो काढताच येत नाही. वरचे स्वरांश ऐकून आपला मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे मी ऐकत होते तो निम्मा माझ्याच डोक्यातला बेस होता. बरे हेडफोन लावल्यावर थोडाफार फरक कळायला लागला. मेटलिकाची १९८८ सालची '...अँड जस्टिस फॉर ऑल'ही त्याच हेडफोनवर पुन्हा ऐकली. तिच्यात जेसन न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि तरी रेकॉर्ड धो धो खपली. भाच्याला म्हटलं, मग माझी गरज काय? तो म्हणाला, "मावशी, विषय बदलू नकोस."

खरा प्रश्न मी फार उशिरा विचारला, आणि तो कुणा तज्ज्ञाला नाही तर बँडलाच: तुमची पट्टी कोणती? गाण्याच्या क्लासला हा पहिला प्रश्न असतो. इथे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, सी स्टँडर्ड. म्हणजे सगळ्या तारा नेहमीपेक्षा चार स्वर खाली, कोमल-तीव्र सगळे मोजून. पेटीच्या हिशेबात सांगायचं तर बेसची सर्वांत खालची तार नेहमी पांढरी तीनला लावतात, यांची पांढरी एकला.

मेटलवाले इतके खाली का जातात, याला एक फार जुनं कारण आहे. ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. तारा सैल केल्या की त्या बोटांना दाबायला सोप्या जातात, शिवाय आवाजही काळोखा होतो. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त काही गाणी काळी एकला उतरवली आहेत, आणि बटलरचा बेसही सोबत खाली गेला. पुढच्या पिढ्या आणखी खाली गेल्या, बोटं शाबूत असताना.

गिटार खाली उतरवणं सोपं, बेस उतरवणं अवघड. बारावीच्या प्रयोगवहीतला सोनोमीटर आठवतो का? तीच तार, तीच लांबी असेल तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पांढरी तीनची तार पांढरी एकला आणली तर कंपनं ४१ वरून सुमारे ३३ वर येतात, आणि ताण उरतो मूळच्या ६३ टक्के. कागदावर हा आकडा फार भयंकर वाटत नाही. पुढच्या दुकानात मी भिंतीवरचा एक चार तारांचा बेस मागितला आणि तिथेच खुंटी पिळून खाली लावला. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. जाड तार वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी हलायला लागली. छेडली की फ्रेटवर आपटून खडखडायची, सूर आधी वर उसळून मग खाली येऊन बसायचा. सा कुठे आहे ते सांगता येईना. हळू वाजवलं तर चालत होतं, पण मेटल हळू वाजवायचं कसं?

इथे तंबोरा कामाला आला. पुरुष गायकांचा तंबोरा बायकांच्या तंबोऱ्यापेक्षा मोठा असतो, तारा लांब आणि जाड असतात. माझा तंबोरा बाबांच्या पट्टीला उतरवला असता तर तो नुसता फसफसला असता, जवारी कितीही जुळवली तरी. मिरजेच्या तंबोरे करणाऱ्यांना हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. खर्ज हवा तर तार लांब करा, नाही तर जाड करा. बेसमधले निम्मे वाद याच दोन उपायांचे आहेत हे कळल्यावर डोक्यातला गोंधळ बराच निवळला. पस्तीस इंची बेस म्हणजे लांब तार. पाच तारांचा बेस म्हणजे १३० नंबरची, इंचाचा जवळजवळ आठवा भाग जाड अशी जास्तीची तार. चार तारांवर सर्वांत जाड तार बहुधा १०० किंवा १०५ ची असते.

पाच तारांचा घेतला असता तर सी स्टँडर्डसाठी काहीच करावं लागलं नसतं: पाचवी तार पांढरी सातची, तिच्या पहिल्याच फ्रेटवर हवा तो सूर. ज्यांचा हात मोठा आहे त्यांनी खुशाल तेच करावं. मला ती रुंद मान पेलवेना. शिवाय गिटारवाले मोकळी तार धडाधड वाजवत असताना आपण सतत पहिला फ्रेट दाबून बसायचं, हे मला नको होतं. तिसरा मार्ग उरला: बेस चार तारांचाच, पण त्याला पाच तारांच्या सेटमधल्या जाड चार तारा लावायच्या आणि एकेक स्वर वर चढवायच्या. मग ताण नेहमीपेक्षा १२ टक्क्यांनी जास्तच भरतो. सर्वांत बारीक तार डब्यात राहते.

पट्टी ठरल्यावर बाकीचे प्रश्न लहान झाले. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी आणि आवाज घडवायची जास्त बटणं. केबल खोचून ठेवली तर बॅटरी उतरत राहते. मी गॅस बंद केला का हे दोनदा बघणारी बाई, मला ही आणखी एक काळजी नको होती. पिकअपमध्ये पी हा दोन तुकड्यांचा, एकमेकांची गुणगुण खाणारा. एकटा जे लावला तर जुन्या इमारतीच्या कच्च्या अर्थिंगवर घूं आवाज येतो. दोन्ही असलेला घेतला की झालं.

शेवटी दोन बेस उरले. आयबानेझचा जीएसआर २०० हाताला सुखाचा, मान बारीक. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ साधा, पॅसिव्ह. निवड मॉडेलवर केलीच नाही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदमच तार दाबायची आणि मध्ये किती फट राहते ते बघायचं, हे एका जुन्या वादकाने शिकवलं होतं. त्या दिवशी त्या दुकानात जी मान जास्त सरळ होती ती यामाहाची. स्वस्त वाद्यांत एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्ये इतका फरक असू शकतो की नावावरून भांडणाऱ्यांची गंमत वाटते. पट्टा, केबल धरून बजेटात बसला.

मग सेटअप. नटच्या खाचा १३० च्या तारेला अरुंद पडतात. दुरुस्तीवाल्याने बारीक कानशीने एकेक खाच रुंद केली. दोन घासे, तार घालून बघ, पुन्हा एक घासा. "ताई, जास्त गेलं तर परत भरता येत नाही," तो मान वर न करता म्हणाला. तार खुंटीच्या भोकात जाईल की नाही ही धाकधूक होती, गेली, जेमतेम. आतली ट्रस रॉड नावाची सळई पाव फेरा पिळून त्याने मान सरळ केली आणि पावसाळा संपला की परत घेऊन या म्हणाला, कारण दमट हवेत लाकूड हलतं.

अँप घेतलेला नाही. ३३ कंपनांची लाट दहा मीटरहून लांब असते; आमची खोली तिच्या तिसऱ्या हिश्शात संपते, भिंती तिला अडवत नाहीत आणि खालच्या मजल्यावर दहावीचा मुलगा आहे. सध्या हेडफोन, लॅपटॉप आणि फुकटात मिळणारं एक डिस्टॉर्शन. मूळ स्वच्छ आवाज थोडा शिल्लक ठेवून त्यात ते मिसळायचं. सगळंच घाण केलं तर खर्ज जातो आणि नुसती कुरकुर उरते.

परवा भाचा आला. म्हणाला, "मावशी, नवं गाणं भारी झालंय, पण आम्ही आता ए ला गेलोय." पांढरी सहा, अजून तीन स्वर खाली. मी आकडेमोड करून दाखवली: ताण पुन्हा ७१ टक्क्यांवर, नवीन तारा, नवीन खाचा. तो सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मग पाच तारांचा घेऊया का?" पैसे कोण देणार विचारल्यावर गाणं परत सी ला आलं.