गाडीखालचा डाग आणि गिअरबॉक्सचे बिल

आपल्या वस्तीत चारचाकी आता नवलाईची राहिलेली नाही. मात्र ती बहुधा दुसऱ्याच्या हातून आलेली, दहा-पंधरा वर्षे धावलेली आणि पोटासाठी घेतलेली असते. कोणी तिच्यातून भाजी आणतो, कोणी मंडपाचे सामान वाहतो, कोणी भाडे मारतो. अशा गाडीखाली एके सकाळी तेलाचा डाग दिसला की पोटात गोळा येतो. त्यात कोणी "गिअरबॉक्स गेला" म्हटले, की माणूस व्याजाने पैसे काढायला निघतो. आम्ही पेशाने कारकून. पण व्हाउचर पाहिल्याशिवाय खर्च मांडायचा नाही, ही हिशेबाची शिस्त गाडीलाही लागू पडते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून हे चार शब्द.

आमच्या धाकट्या बहिणीकडे जेवणाचे डबे करतात. मेहुणे ते जुन्या मारुती ओम्नीतून अंबरनाथच्या कारखान्यांत पोचवतात. ही गाडी बनणे २०१९ साली थांबले, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक ओम्नी आता वयस्कर झाली आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्याखाली डाग पडू लागला. एका गॅरेजमध्ये नुसते वाकून पाहून सांगण्यात आले, गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल. अठरा हजार रुपये आणि चार दिवस. चार दिवस डबे बंद म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेच. त्यातच भाचीच्या कॉलेजची फी भरायची होती. बहीण म्हणाली, "दादा, फी पुढे ढकलू का?" आम्ही म्हटले, "आधी तेल कुठून येतेय ते बघू, मग पैशाचे बघू."

पहिला प्रश्न असा की, गळते आहे ते काय? रात्री गाडी सपाट जागी उभी करून खाली स्वच्छ पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली आहे ते पाहावे, बोटाला लावून वास घ्यावा. नुसते पाणी असेल तर ते बहुधा एसीचे. हिरवट वा गुलाबी, पाण्यासारखे पातळ असेल तर रेडिएटरचे कूलंट. काळपट तेल सहसा इंजिनाचे. गिअर ऑइल त्याहून दाट, मधाच्या किंवा तपकिरी रंगाचे, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. एकदा घेतला की विसरत नाही. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांत बहुधा लालसर पातळ तेल असते. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर, बुळबुळीत द्रव दिसला तर तो ब्रेकचा असू शकतो. मग मात्र गाडी जागची हलवू नये.

आमच्या पुठ्ठ्यावरचा डाग दाट आणि उग्र वासाचा होता. तेल गिअरचे, एवढे नक्की झाले. पण गिअरचे तेल गळते म्हणजे गिअरबॉक्स बिघडला, असे होत नाही. तेल सांडण्याचे नट वॉशर झिजल्याने पाझरते. शाफ्टभोवतीचे रबरी सील वयाने कडक होते. हवा जाण्याची बारीक नळी चिखलाने बुजली तर आतला दाब वाढून चांगले सीलही तेल सोडते.

म्हणून दुसरा प्रश्न, कुठून? चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे पसरते, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच गळती असेल असे नाही. गिअरबॉक्स साबणाच्या पाण्याने व ब्रशने धुऊन कोरडा करावा, गाडी पाच-दहा किलोमीटर चालवावी आणि मग पाहावे. सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला भाग हे गळतीचे मूळ. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब येत असेल तर तेल इंजिनाचेही असू शकते. तिथे वास आणि रंगच निवाडा करतात. एक सूचना मात्र कळकळीची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. विटांचा टेकूही देऊ नये, विटा फुटतात.

ओळखीच्या मिस्त्रींनी असेच केले. पुढचा सगळा भाग कोरडा निघाला. ओले होते ते गिअरबॉक्सचे मागचे टोक, जिथून लांब शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो. फिरत्या शाफ्टने उडवलेल्या तेलाचा पट्टा वरच्या पत्र्यावरही उमटला होता. मिस्त्रींनी शाफ्ट हलवून पाहिला, त्यात खेळ नव्हता. तो काढल्यावर त्याच्या गुळगुळीत भागावर चरही दिसला नाही. गिअरबॉक्स न उतरवता सील बदलले, हवेची नळी साफ केली, कमी झालेले तेल भरले. दुपारी डबे पोचल्यावर हात घातलेले काम संध्याकाळी संपले. सील, तेल आणि मजुरी मिळून नऊशे रुपये झाले. फी वेळेवर भरली गेली.

प्रत्येक वेळी असेच निभावेल असे आम्ही म्हणत नाही. गिअरबॉक्स घुरघुरत असेल, गिअर आपोआप निसटत असेल, काढलेल्या तेलात लोखंडाचे तुकडे सापडत असतील, तर तो उघडणेच योग्य. आणि गळती लहान आहे म्हणून दिवस ढकलणे ही काटकसर नव्हे. तेल संपले की बेअरिंग आणि दाते कोरडे घासतात, आणि नऊशेचे काम खरोखरच अठरा हजारांवर जाते.

तेव्हा वाचकहो, मिस्त्रीला संकोच न करता तीन गोष्टी विचारा. तेल कोणते गळते? नेमके कुठून, ते मला दाखवाल का? जुना भाग आणि पक्के बिल परत द्याल का? चांगला कारागीर अशा प्रश्नांनी रागावत नाही, उलट बॅटरी आपल्या हातात देतो. आठवड्याने पुन्हा पुठ्ठा अंथरा आणि तेलाची पातळी तपासून घ्या. पुठ्ठा कोरडा निघाला, तरच काम पुरे झाले असे समजा.