दादाचा उजवा हात

सौ. वहिनीस,

परवा तुमच्याकडे होते तेव्हा दादासमोर त्याच्या हाताचा विषय काढला नाही आणि फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे. गेला दीड महिना तुम्ही त्याचं किती मायेनं करताय ते मी पाहिलं. घास भरवणं, सदऱ्याची बटणं लावणं, पेला थेट ओठांशी नेणं, रात्री उठून कूस बदलून देणं. त्याबद्दल तुमच्यापुढे हात जोडते. पण एवढी वर्षं फिजिओथेरपी केल्यावर मला जे दिसतं ते सांगायलाच हवं. कूस बदलून देणं सोडलं, तर यातलं बरंचसं आता थांबवा.

दादाचा हात लुळा पडला, पण खुद्द हाताला काही झालेलं नाही. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली आणि उजव्या हाताला हुकूम सोडणाऱ्या पेशींपैकी काही कायमच्या गेल्या. आजूबाजूच्या पेशी त्यांचं काम थोडंफार उचलू शकतात, पण त्यासाठी हात वापरायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा व्हावा लागतो, आणि तो दादाचा स्वतःचा असावा लागतो. तुम्ही त्याचा हात धरून वरखाली करता, त्यानं सांधे आखडत नाहीत. ते चालू ठेवा. पण तेवढ्यानं मेंदू फारसं शिकत नाही. तेलाच्या मालिशचंही तेच. त्याला बरं वाटतं म्हणून जरूर करा, मात्र त्याला उपचार समजू नका.

अमेरिकेत एडवर्ड टॉब नावाच्या मानसशास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले होते. एका हाताकडून संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या, की माकड तो हात वापरणंच सोडून देई. चांगला हात बांधून ठेवला, की मात्र त्याच टाकून दिलेल्या हातानं खाणं उचलू लागे. म्हणजे हातात बळ शिल्लक होतं. सुरुवातीचे प्रयत्न फसले, दुसऱ्या हातावर काम भागलं आणि न वापरायचीच सवय जडली. यातून पुढे पक्षाघातावरचा एक उपचार निघाला: दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर जाड हातमोजा आणि रोज काही तास दुबळ्या हाताचा सराव. 222 रुग्णांवरची त्याची मोठी चाचणी 2006 साली प्रसिद्ध झाली. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले लोक होते ते. त्यांचा हात सुधारला आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती. दादाला हा उपचार आज लागू नाही, कारण त्यासाठी मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता यावी लागतात. पण न वापरायची सवय त्याला आत्ता लागते आहे. एक त्याचा डावा हात आणि वर तुमचे दोन, मग उजव्याची गरज पडणार कशी?

डाव्या हातानं जेवायची त्याला लाज वाटते, हे मला कळतं. सांगा त्याला, धाकट्या बहिणीनं सांगितलंय म्हणून. सरळ बसवा, डाव्या हातात चमचा द्या, उजवा हात मात्र मांडीवर लोंबकळत नको, ताटाशी हवा. भाकरी मोडायला दोन हात लागतातच. उजवा तळवा भाकरीवर ठेवून वरून भार द्यायचा आणि डाव्यानं तुकडा मोडायचा. तळवा घसरेल. तो त्यानंच परत ठेवायचा, लागलं तर डाव्या हातानं उचलून. जेवण अर्धा-पाऊण तास चालेल, चालू द्या. खाताना ठसका लागत असेल तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना लगेच सांगा.

थेरपिस्ट रोज येतो, मग हे सगळं कशाला, असं मनात येईल. अमेरिका आणि कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांचं एक निरीक्षण 2009 साली छापून आलं. तिथे एका बैठकीत हात कामासाठी वापरण्याचा सराव व्हायचा तो सरासरी 32 वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच आकडा शेकड्यांत असतो. यात थेरपिस्टचा दोष नाही, एका बैठकीत तेवढंच मावतं. बाकीचं जेवताना, कपडे घालताना, दार उघडताना व्हायचं असतं.

एक गोष्ट मात्र आजच बंद करा. उठवताना त्याचा उजवा हात ओढू नका, काखेत हात घालून उचलूही नका. स्नायूंची पकड गेल्यामुळे हाताच्या नुसत्या वजनानंच खांद्याचा गोळा खोबणीतून खाली उतरतो. मी चाचपून पाहिलं, वरच्या हाडाखाली बोट मावेल एवढी खाच लागते. तो खांदा एकदा दुखरा झाला की दादा व्यायामाला हातच लावू देणार नाही. बसला असेल तेव्हा कोपराखाली उशी ठेवा. उठताना त्याला खुर्चीच्या कडेला सरकू द्या, पावलं गुडघ्यांच्या मागे घेऊ द्या, नाक अंगठ्यांच्या पुढे येईपर्यंत वाकू द्या, मग उठू द्या. तुम्ही उजवीकडे उभं राहून फक्त कमरेला आधार द्यायचा.

आणि मुठीत दाबायला त्याला दिलेला तो मऊ चेंडू कपाटात ठेवून द्या. या दुखण्यात मूठ आवळणं बहुधा आपसूक परत येतं, बोटं उघडणं मागे राहतं. त्याला रिकामा पेला धरून सोडायला सांगा. सोडणं जमलं की मला कळवा.

बोलण्याचंही असंच आहे. त्याला सगळं कळतं, शब्द तेवढा सापडत नाही. तुम्ही पटकन वाक्य पुरं करता. जरा थांबा, शोधू द्या.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पुढेही सुधारतं, पण हळूहळू. निम्मा काळ सरला, म्हणून इतकं निकरानं लिहिलं. तो चिडेल, तुमच्यावर रागावेल. माझं नाव सांगा. पण दिवसचे दिवस गप्पच राहिला, जेवणावरची वासनाच उडाली, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे.

उद्या थेरपिस्ट आला की त्याला दोन गोष्टी विचारा: खांदा किती उतरलाय आणि मनगट आपलं आपण किती वर उचललं जातं. संध्याकाळी मला फोन करा.

तुमची,
वन्सं