वाळवणाचे दिवस

माणदेशात चैत्र-वैशाखातली हवा अशी असते की आज घातलेल्या कुरडया उद्या कडकडीत होऊन डब्यात जातात. बायका वर्षभर या हवेची वाट बघतात. दहिवडीत आत्याच्या आळीतल्या गच्च्या सकाळी सातच्या आत भरून जायच्या. जुन्या लुगड्यांवर कुरडया, बाजेवर सांडगे, कडेला मिरच्या. "यंदा ऊन चांगलं पडलंय," हे वाक्य तेव्हा प्रत्येक जिन्यावर ऐकू यायचं. त्याच वेळी माझी आत्या मधल्या खोलीत, पश्चिमेची खिडकी लावून, डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडलेली असायची. जे ऊन नि जे वारं सांडग्यांना हवं, तेच तिच्या बुबुळांवरचं पाणी उचलून नेत होतं.

हवा कशी आहे हे ती माठावरून ओळखायची. माठातलं पाणी दातांना कळ लावेल इतकं गार झालं, की त्या दिवशी डोळे वाईट जाणार. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते शास्त्राला धरूनच होतं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितका माठ गार. 40 अंशांची हवा दर घनमीटरला 50 ग्रॅम बाष्प पोटात घेऊ शकते. वैशाखातल्या दुपारी सह्याद्रीच्या पूर्वेला तिच्यात अनेकदा त्याचा पाचवा हिस्साही नसतो. उरलेली तहान ती सापडेल तिथून भागवते. ढेकळांतून, पानांतून, माठातून, उघड्या डोळ्यांतून.

तुमच्या-माझ्या डोळ्यांना ही लूट परवडते. पापणी लवते आणि बुबुळावर अश्रूंचा एक पापुद्रा पसरतो, मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतका पातळ. त्यात पाणी असतं, पाण्याला धरून ठेवणारा चिकट द्रव असतो, आणि वर तेलाचा तवंग असतो, पाणी चटकन उडू नये म्हणून. तरीही ते उडतंच. मग डोळा चुरचुरतो, वरच्या पापणीआड बाहेरच्या कोपऱ्यात बसलेली अश्रुग्रंथी नवं पाणी सोडते आणि आपल्याला काही कळायच्या आत हिशेब मिटतो. आत्याच्या बाबतीत ही ग्रंथीच तिच्या शरीरानं परकी ठरवली होती. रक्षणासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींत ठाण मांडून बसल्या होत्या. जे थोडं पाणी पाझरे ते हवा पिऊन टाकी, मागे खारटपणा उरे, आणि त्या खारटपणानं बुबुळ जळत राही. कांदा चिरताना घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांना धारा लागत. तिचे डोळे नुसतेच लाल होत. या एका खुणेवरून पुष्कळ काही कळलं असतं, पण कांद्यानं रडू न येणं ही तक्रार घेऊन दवाखान्यात कोण जातं?

ती मूळची देवरुखची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आषाढात तिथे अंथरुणाला वास येतो, मिठाला पाणी सुटतं, काडेपेटीतली काडी पेटत नाही. आतोबा मूळचे माणातले, घाटावरून कोकणात नोकरीला आलेल्या असंख्य गुरुजींपैकी एक. लग्न झालं, काही वर्षांनी त्यांची आंतरजिल्हा बदली झाली आणि तीही त्यांच्यामागून कुंभार्ली घाट चढून पलीकडे गेली. माणात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, त्याच जिल्ह्यातला हा मुलूख. ढग येतात, पण पाणी सह्याद्रीला देऊन येतात. डोंगर उतरताना तीच हवा तापते, सुकते आणि वारा होऊन सुटते.

हा आषाढातला वारा तिला वैशाखातल्या उन्हाइतकाच जाचायचा. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. आभाळ भरलेलं, मधूनच भुरभुर, मग डोळे का दुखावेत? पण वारा पापुद्रा फाडतो. हवेत थोडा दमटपणा असला तरी बुबुळाला लागून असलेली ओलसर हवा तो टिकू देत नाही, क्षणाक्षणाला पुसून नेतो आणि वर बारीक माती आणून टाकतो. त्या दिवसांत शाळेत शिकवायला जाताना आत्या डोक्यावरून पदर घेऊन त्याचा काठ भुवयांपर्यंत ओढायची, वर मोठ्या काचांचा चष्मा. गाव तिला गॉगलवाल्या बाई म्हणायचं. हिवाळ्याच्या पहाटे दव पडायचं तेव्हा जरा बरं असायचं. पण दारोदारी शेकोट्या पेटल्या की धुरानं पुन्हा तेच. तिच्या पंचांगात सणवार आपल्यासारखेच होते, ऋतू मात्र वेगळे होते.

तिची सकाळ मी जवळून पाहिली आहे. जाग आली की ती डोळे उघडत नसे. झोपेत अश्रू आणखी आटतात आणि पापणीची आतली बाजू बुबुळाला चिकटते. घाईनं उघडली तर वरचं नाजूक आवरण खरवडून निघतं, आणि ती कळ मग दिवसभर जात नाही. म्हणून ती आधी दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवायची, उशाशी ठेवलेलं ओलं फडकं चाचपडून घ्यायची, बंद पापण्यांखाली डोळे हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायची. घरात दूध उतू जात असो, कुणी दार वाजवत असो, तेवढा वेळ ती कुणाची नसायची. मग पापणीची कड बोटानं किंचित खाली ओढून थेंब सोडायची आणि एकेक डोळा उघडायची. काही दिवस बुबुळावर चिकट तंतू धरायचे, पापणी लवली की ते ओढले जायचे. "केस गेलाय बघ डोळ्यात," असं म्हणत ती आरशासमोर उभी राहायची. केस नसायचाच.

कितीतरी वर्षं तिला कुणी डोळे आल्याचे थेंब दिले, कुणी ॲलर्जीचे, कुणी चष्म्याचा नंबर बदलून दिला. गुडघे आणि बोटांचे सांधे दुखत होते, त्यासाठी वेगळा डॉक्टर. दात किडून पडत होते, त्यासाठी तिसरा. भाकरी आमटीत चुरल्याशिवाय घशाखाली उतरत नव्हती, ते तर कुणाला सांगण्यासारखंही वाटलं नाही. थकवा इतका की फळ्यावर लिहितानाच हात खाली यायचा. त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर होतं, वय झालं. शेवटी पुण्यात एका डॉक्टरीणबाईंनी या पाचही गोष्टी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. मग टोकाशी दुमडलेली कागदाची पट्टी तिच्या खालच्या पापणीत अडकवून तिला डोळे मिटायला सांगितलं. 1903 साली ओटो शिर्मर या जर्मन डॉक्टरांनी सुचवलेली ही साधी चाचणी आहे. पाच मिनिटांत पट्टी पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर काळजीचं कारण. आत्याची दोन भिजली. रक्त तपासलं, ओठाच्या आतून बारीक तुकडा घेतला, आणि तिच्या दुखण्याला नाव मिळालं: शोग्रेन.

हे नाव एका स्वीडिश नेत्रतज्ज्ञाचं. हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 साली स्टॉकहोममध्ये आपला प्रबंध मांडला. त्यात 19 रुग्णांची हकीकत होती आणि त्या सगळ्या बाया होत्या. कोरडे डोळे, कोरडं तोंड आणि दुखरे सांधे हे एकाच आजाराचे अवयव आहेत, हे त्यांचं म्हणणं. परीक्षकांनी प्रबंधाला कमी श्रेणी दिली, विद्यापीठात शिकवण्याची वाट बंद झाली, आणि शोग्रेन पुढे यॉनशॉपिंग नावाच्या गावच्या रुग्णालयात डोळे तपासत राहिले. जगानं त्यांचं ऐकलं ते 1943 मध्ये प्रबंधाचं इंग्रजी भाषांतर झाल्यानंतर. या आजाराच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. बायकांच्या दुखण्याला नाव मिळायला इतका वेळ का लागतो, याचं उत्तर मला या आकड्यातच दिसतं.

आतोबा गेले ते नाव मिळण्याच्या आधी. चैत्रातली दुपार, अंगणात मांडव नाही, वाऱ्यानं माती उडत होती. बायका येत, आत्याच्या गळ्यात पडत, हंबरडा फोडत. ती ताठ बसून होती. डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, पण गाल कोरडे. दिवसकार्य होईस्तोवर आळीत कुजबुज पसरली होती. बाईच्या डोळ्याला टिपूस नाही. नवरा गेला आणि हिला काहीच नाही. ती कुजबुज तिच्यापर्यंत पोचली नसेल असं होणं शक्य नव्हतं. पुढे कितीतरी दिवसांनी, काहीही विषय नसताना, ती मला म्हणाली, "मला रडू येत होतं रे. पाणी येत नव्हतं." ग्रंथीच सुकल्यावर दुःखालाही पाणी सापडत नाही. हुंदका येतो, छाती भरते, घसा आवळतो, आणि डोळ्यांत मात्र आग. माणसाचं दुःख त्याच्या गालांवरून मोजण्याची आपली रीत निर्दय आहे, हे तेव्हापासून माझं ठाम मत आहे.

औषधं सुरू झाली. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या छोट्या कुप्यांमधले थेंब, मलेरियासाठी निघालेली आणि आता अशा आजारांत दिली जाणारी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी, पाणी वाहून जाण्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या छिद्रांत बसवलेली बारीक बुचं. त्यानं फरक पडला. पण डॉक्टरांच्या कागदावर घरातल्या हवेबद्दल एक ओळही नसते, आणि ती असायला हवी. ती ओळ आत्यानं स्वतःची स्वतः लिहिली. छताच्या पंख्याखालून खाट भिंतीकडे सरकवली. वाळ्याचा कूलर घेतला, कारण कूलर हवेत ओल मिसळतो. पण त्याचा झोत कधी तोंडावर घेतला नाही. एसी मात्र तिचा वैरी. तो हवा गार करता करता तिच्यातलं पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकतो. बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, शिक्षकांच्या प्रशिक्षणात ती कोपरा शोधायची. शाळेची माहिती ऑनलाइन भरायचा काळ आला तेव्हा हाल झाले. पडद्याकडे एकटक बघताना पापणी लवायची विसरते आणि पापुद्रा मधेच फाटतो. दर ओळीनंतर डोळे मिटायचे, ही शिस्त तिनं स्वतःला लावून घेतली.

लेकीच्या बाळंतपणाला ती शिकागोला गेली होती. आम्हाला वाटलं, थंड मुलूख, आराम पडेल. झालं उलटंच. 0 अंशाची हवा बाष्पानं काठोकाठ भरली तरी तिच्यात घनमीटरमागे 5 ग्रॅमही मावत नाहीत. तीच हवा घरात येऊन 20 अंशांपर्यंत तापली की आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते. बर्फानं वेढलेल्या त्या उबदार घरात आत्याला माणातला वैशाख भेटला. लेकीनं खोलीत वाफारा सोडणारं यंत्र लावलं तेव्हा कुठे तिला रात्री झोप लागू लागली.

माहेरी मात्र ती गणपतीला यायची आणि दोन दिवसांत तिचा चेहरा बदलायचा. पागोळ्या गळत असायच्या, ओटीवर ती डोळे उघडे ठेवून बसायची, थेंबांची कुपी पर्समध्येच राहायची. सगळे म्हणायचे, इथेच राहा, बरी होशील. ती हसायची. देवरुखच्या हवेत तिचे डोळे कमी जळत, पण तोंड तसंच कोरडं, बोटं तशीच दुखरी, संध्याकाळी तोच थकवा. आजार आत होता आणि तो घाट उतरला म्हणून उतरत नव्हता. हवेच्या हातात फक्त त्याचा त्रास वाढवणं किंवा कमी करणं होतं. पण रोज त्रासातून जाणाऱ्या माणसाला तेवढा फरक फार मोठा असतो.

पुढे आजार फुप्फुसांत शिरला, जिना चढताना धाप लागू लागली, आणि फाल्गुन सरता सरता ती गेली. अंत्ययात्रेला तिनं शिकवलेल्या पोरी आल्या होत्या, आता त्यांच्या कडेवर पोरं होती. त्या मोकळेपणानं रडल्या. मीही रडलो, आणि आपले डोळे इतके सहज वाहताहेत याचं मला फार वाईट वाटत राहिलं. तिनं तीस-पस्तीस वर्षं एकेक थेंब विकत आणला होता.

आता उन्हाळा लांबतो आहे आणि तालुक्याच्या गावांतही एसी आले आहेत. दारंखिडक्या लावून घेतलेल्या त्या गार खोल्यांत कुणाकुणाचे डोळे जळत असतील. म्हणून एवढंच सांगतो. घरात कुणी बाई सारखी डोळे चोळत असेल, डोळ्यांत वाळू गेलीय म्हणत असेल, कोरडा घास पाण्याशिवाय तिला गिळवत नसेल आणि सांधे धरत असतील, तर तिला डोळ्यांच्या डॉक्टरांबरोबर संधिवाताच्या डॉक्टरांकडेही न्या. आणि त्यांची वेळ मिळेपर्यंत पंख्याचा झोत तिच्या तोंडावरून बाजूला करा.